वाळवंटातलं इंका राज्य: नकाशाच्या कामाच्या नोंदी

३ ऑगस्ट

भिंत मिळाली. अभ्यासमंडळाच्या हिवाळी प्रदर्शनात आपल्या वाट्याला एक मोठा नकाशा आणि सहा पाट्या आल्या आहेत. विषय: दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या वाळवंटात इंकांनी राज्य केलं, त्याचा जमिनीत उरलेला पुरावा. माचू पिच्चूचा फोटो लावायचा नाही, हे पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं. तो लावला की लोक तेवढाच बघून पुढे सरकतात.

दोन टापू घ्यायचे. पहिला दक्षिण पेरूचा किनारा: कान्येते, चिंचा, पिस्को, इका, आकारी. अँडीजवरून उतरणाऱ्या नद्यांच्या काठाने शेतीचे हिरवे पट्टे आणि दोन पट्ट्यांच्या मधे नुसती रेती. दुसरा उत्तर चिलीतला अटाकामा: लोआ नदीचं वरचं खोरं, सान पेद्रो दे अटाकामाची वस्ती आणि तिथून दक्षिणेला कोपियापोपर्यंतचा ओसाड पट्टा.

५ ऑगस्ट

मंडळातल्या ज्येष्ठांनी चहा घेता घेता विचारलं, "अहो, पण राज्य होतं म्हणजे नक्की काय होतं? वसुली करत होते, की नुसते येऊन जात होते?"

प्रश्न बिनतोड आहे. इंकांना लिपी नव्हती. स्पॅनिश वृत्तांत सगळे १५३२ नंतरचे, त्यातले बरेचसे इंकांच्या राजधानीतल्या, म्हणजे कुस्कोतल्या, राजघराण्यातल्या माणसांच्या तोंडून ऐकलेले. त्या माणसांच्या लेखी सगळेच प्रदेश आपणहून शरण आलेले किंवा शौर्याने जिंकलेले. वाळवंटातल्या गावाची बाजू त्यात जवळपास नाहीच. म्हणून तक्ता करायचा ठरवला. प्रत्येक ठिकाणासमोर पाच रकाने: काय सापडलं, कुठल्या थरात, कोणाच्या हातचं, कोणाच्या हुकमाने, काळ. चौथा रकाना अंदाजाने भरायचा नाही, रिकामा राहिला तर राहू दे.

रिकामा राहणार हे आजच दिसतंय. उदाहरण म्हणजे आरीबालो. निमुळत्या बुडाचा, उंच मानेचा, दोन कानांचा हा इंका रांजण. खांद्यावर पुढच्या बाजूला मातीचं एक बोंड, कानांतून ओवलेली दोरी त्याला अडकवून तो पाठीवर वाहायचा. मक्याची दारू, म्हणजे चिचा, ठेवायला आणि न्यायला. एखाद्या गावात त्याची दोन-चार खापरं सापडली म्हणजे इंकांचं राज्य आलं असं होत नाही. भेट आली असेल, अदलाबदलीत आली असेल, गावच्याच कुंभाराने नक्कल केली असेल. अटाकामात बऱ्याचदा तिसरंच खरं निघतं: आकार कुस्कोचा, माती आणि भाजणी तिथलीच. हातचं कोणाचं ते कळलं, हुकूम कोणाचा ते नाही कळलं.

११ ऑगस्ट

तुरी. दिवसभर हेच.

लोआच्या वरच्या खोऱ्यात, साधारण तीन हजार मीटर उंचीवर, लाव्हाच्या थराच्या कडेवर वसलेलं दगडी गाव. खाली झऱ्यांवर पोसलेलं कुरण, समोर ज्वालामुखींची रांग. उत्तर चिलीतल्या स्पॅनिशपूर्व वस्त्यांमधली ही सगळ्यात मोठ्यांपैकी एक: सुमारे चार हेक्टर आणि त्यात सहाशेच्या आसपास बांधकामं. सगळं काळ्या-करड्या ज्वालामुखी दगडाचं, वाटा अरुंद, खोल्या वेड्यावाकड्या, जागा मिळेल तसं वाढत गेलेलं. इंका येण्याआधी काही शतकं हे गाव नांदतं होतं.

गावभर चुल्पा आहेत. चुल्पा म्हणजे दगडी बुरुजासारखं छोटं बांधकाम, त्याला एक लहानशी खिडकी. काही ठिकाणी चुल्पा ही थडगी असतात, इथे मात्र त्या पूर्वजांसाठी नैवेद्य ठेवायच्या जागा होत्या असं उत्खनन करणारे म्हणतात. गावातला माणूस घरून निघाला की रोज त्या ओलांडूनच जात असणार.

आणि मग गावाच्या वरच्या अंगाला अचानक एक सरळ रेषेतलं, काटकोनातलं आवार. भिंतींनी बंदिस्त चौक, त्याच्या कडेला लांबलचक आयताकृती सभागृह: कायांका. पाया दगडी, वर कच्च्या विटा, दोन्ही टोकांना त्रिकोणी पाख्याची भिंत. तुरीत त्याआधी कोणी कच्च्या विटांचं बांधलेलं नव्हतं. दगडाची ददात नसलेल्या जागी मुद्दाम विटा पाडून इमारत उभी केली आहे. लांबून बघणाऱ्याला ती वेगळी दिसावी, यापलीकडे मला तरी दुसरं कारण सुचत नाही.

यातला कळीचा भाग जमिनीखाली आहे. फ्रान्सिस्को गायार्दो, मौरिसिओ उरिबे आणि पात्रिसिया आयाला यांनी १९९५ साली मांडलेलं म्हणणं असं की, हा चौक मोकळ्या जागेवर झालेला नाही. तिथल्या चुल्पा पाडल्या, जमीन सपाट केली आणि वर चौक घातला. पाडलेल्या चुल्पाचे अवशेष चौकाच्या खाली मिळाले आहेत. गावात बाकी चुल्पा शाबूत आहेत, म्हणजे सरसकट मोडतोड नव्हती. नेमक्या ज्या जागी सरकारी मेजवान्या झडणार, तिथल्या गेल्या.

चौथा रकाना पहिल्यांदाच ठाम भरला. इथे थरांचा क्रम आहे: खाली पूर्वजांची जागा, वर कुस्कोचा चौक. हे गावकऱ्यांनी हौसेने केलं असेल असं म्हणायला फार ओढाताण करावी लागेल. हात मात्र गावकऱ्यांचेच असणार. पाडणारेही तेच आणि त्याच चौकात पुढे चिचा पिणारेही तेच.

तिसऱ्या रकान्यात लिहिलं: "स्थानिक". लिहून थोडा वेळ तसाच बसलो.

१४ ऑगस्ट

उपग्रहचित्रावरून तुरीचं आवार आखून घेतलं. काटकोन लगेच उठून दिसतो. तुरीच्या आसपासची तोपाईन आणि पानिरीची शेतंही आखली. डोंगरउतारावरच्या पायऱ्या आणि पाट अजून ओळखू येतात, पानिरीच्या शेतीचा विस्तार इंका काळातला मानतात. या मुलखात पाणी वळवणं ही सगळ्यात खर्चिक गोष्ट. नकाशावर निळी बारीक रेघ दिली.

२० ऑगस्ट

कातार्पे आणि रस्ता.

सान पेद्रोजवळ दोन ठिकाणं एकाच नदीवर आहेत. कितोर हा डोंगरकड्याला बिलगलेला स्थानिक किल्ला. त्याच्या वर, नदीकाठाने काही किलोमीटर गेलं की कातार्पे: इंकांचं ठाणं, चौक, खोल्या, कोठारं. तुरीत इंका गावाच्या छातीवर बसले, इथे गाव सोडून बाजूला बसले. एकाच राज्याने चार दिवसांच्या अंतरावर दोन तऱ्हा वापराव्यात, हे पाटीवर आलंच पाहिजे. ("चार दिवस" हा लामांच्या, म्हणजे अँडीजमधल्या ओझेवाहू जनावरांच्या, तांड्याचा माझा अंदाज. पाटीवर घालणार नाही.)

कितोरची गोष्ट लोकांना आवडेल: १५४० मध्ये फ्रान्सिस्को दे आगिर्रेच्या स्पॅनिश तुकडीने तो घेतला आणि पकडलेल्यांची मुंडकी उडवली. पण ती इंकांची गोष्ट नव्हे. गाळली.

रस्ता सान पेद्रोहून दक्षिणेला ओसाड पट्ट्यातून कोपियापोकडे जातो. फरसबंदी नाही, पायऱ्या नाहीत. दगडगोटे वेचून दोन्ही कडांना सारलेले, मधे सुमारे तीन मीटरची साफ पट्टी, आणि ती नजर पोहोचेल तिथपर्यंत सरळ. मुक्कामाच्या जागा पाण्याच्या हिशेबाने. स्थानिकांच्या जुन्या तांडावाटा याच मुलखातून जातात, पण त्या वळणावळणाच्या, एकमेकींत मिसळणाऱ्या. उपग्रहचित्रात दोन्ही शेजारी दिसल्या की समजावून सांगायला लागत नाही. इंका रस्त्यांचं, म्हणजे कापाक न्यानचं, हे जाळं एकूण तीस हजार किलोमीटरच्या घरात जातं आणि २०१४ पासून सहा देशांचा मिळून तो जागतिक वारसा आहे. पाटीवर हे एका ओळीत.

नकाशावाल्या मैत्रिणीचं म्हणणं, "रस्ता जाड लाल कर, बाकी सगळं फिकं." केलं. आणि मग रस्ता म्हणजेच राज्य असं दिसायला लागलं. परत बारीक केला.

२६ ऑगस्ट

खाणी. कुस्को इथे आलंच कशाला, याचं उत्तर बहुतेक इथे आहे. अटाकामात धान्य थोडं, माणसं थोडी. तांबं आणि हिरवट-निळे खनिज दगड मात्र भरपूर. लोआच्या खोऱ्यात सान होसे देल आब्रा आणि कास्पानाजवळचं सेर्रो व्हेर्दे इथे इंका काळातल्या खाणी आणि कामगारांच्या वस्त्या अभ्यासल्या गेल्या आहेत. खणणारे आसपासच्या गावांतले. हत्यारं आणि खणायची पद्धत त्यांची जुनीच. नवं काय आलं तर काम वेळापत्रकावर आलं, आणि मोबदला मेजवानीच्या रूपाने. इंकांचा कर वस्तूंचा नव्हता, कष्टाचा होता: वर्षातले अमुक दिवस राज्यासाठी राबायचं, त्या दिवसांत खाणं-पिणं राज्याने घालायचं. म्हणूनच खाणीवरच्या वस्तीत वाढायची ताटं आणि आरीबालोची खापरं यांना एवढी किंमत. चतकोर ताटलीच्या कडेला बदकाच्या डोक्याची मूठ: असा तुकडा आडरानातल्या खाणीवर निघाला की तिथे कोणीतरी यजमान म्हणून मिरवत होतं एवढं नक्की.

कोपियापोच्या खोऱ्यात व्हिन्या देल सेर्रो: धातू वितळवायच्या भट्ट्यांचे गोल पाये टेकडीवर ओळींनी मांडलेले, वारा मिळेल असे. हान्स निमायर यांनी खणलेलं ठिकाण. भाता नाही, वाराच भाता. इथे ओळ हाच पुरावा आहे. घरगुती भट्टी कोणी अशी रांगेत लावत नाही.

सेर्रो व्हेर्देला खाणीच्या डोंगरावर चौक आणि उश्नू आहे. उश्नू म्हणजे विधीचा चौथरा. खाणीत उतरण्याआधी डोंगराला काही द्यायचं ही चाल जुनी आणि स्थानिक. चौथरा सरकारी.

२ सप्टेंबर

आता किनारा. इथे वाट दाखवायला पुरातत्त्वज्ञ डोरोथी मेंझेल आहेत. १९५९ च्या लेखात त्यांनी दक्षिण किनाऱ्याची खोरी एकेक करून तपासली आणि एक साधी गोष्ट दाखवली: जिथे आधीच बळकट सरदार होता तिथे इंकांनी त्याच्या राजधानीला लागून आपलं केंद्र बांधलं. जिथे खोरं विस्कळीत होतं तिथे कोरी जागा निवडून नवं ठाणं उभारलं. साठ-पासष्ट वर्षांत तपशील पुष्कळ बदलले, पण सांगाडा अजून उभा आहे.

पहिल्या तऱ्हेचं उदाहरण चिंचा. हे राज्य श्रीमंत होतं, समुद्रावर पोसलेलं. सोळाव्या शतकातल्या एका स्पॅनिश कागदात तीस हजार माणसांचा हिशेब आहे: बारा हजार शेतकरी, दहा हजार कोळी, सहा हजार व्यापारी. आकडे गोल आहेत, फार ताणायचे नाहीत. पण कोळी आणि व्यापारी मिळून शेतकऱ्यांपेक्षा जास्त, हे प्रमाण बोलकं आहे. १५३२ च्या नोव्हेंबरात काहामार्काला इंका सम्राट आताहुआल्पा पालखीत बसून आला तेव्हा त्याच्याबरोबर चिंचाचा स्वामीही पालखीत होता. बाकी भल्याभल्यांना पायी चालावं लागत होतं.

राजधानी ला सेंतिनेला. तिथले जुने पिरॅमिड ठोकून घट्ट केलेल्या मातीचे. त्यांना खेटून इंकांचा वाडा, तो कच्च्या विटांचा, त्यात वर निमुळते होत जाणारे कोनाडे. क्रेग मॉरिस यांच्या अभ्यासातून दिसतं की विटांचं काम इंकांच्या आवारापुरतं थांबत नाही, स्थानिकांच्या काही वाड्यांतही त्या विटांनी फेरफार केलेले आहेत. म्हणजे शेजारी राहायला आलेल्याने आपल्या घराची दारंही बदलून दिली.

तिसऱ्या आणि चौथ्या रकान्याच्या मधली रेघ इथे पुसट होते. बदल चिंचाच्या सरदारांनी स्वतःच करून घेतले असतील. त्यांचं इंकांच्या राज्यात भलं चाललं होतं. "दोघांच्याही" असं लिहिलं.

ताम्बो कोलोरादो याच पाटीवर. पिस्को खोऱ्यात, किनाऱ्याहून डोंगरात जाणाऱ्या वाटेवर. लाल, पिवळ्या, पांढऱ्या रंगाचे पट्टे अजून भिंतींवर आहेत, पाच शतकं न पडलेल्या पावसाची कृपा. फोटोला हेच सगळ्यात देखणं. पण स्थानिकांबद्दल ते फारसं काही सांगत नाही, म्हणून लहान छापायचं.

९ सप्टेंबर

दुसऱ्या तऱ्हेचं उदाहरण आकारी खोऱ्यातलं ताम्बो व्हिएहो. लिडिओ वाल्देझ आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये इथे जमिनीखाली पुरलेले लामा शोधले. चार: तीन पांढरे, एक तपकिरी. कोरड्या हवेने आपोआप ममी झालेले. गळ्यात लोकरीच्या रंगीत दोऱ्या, कानांना लोकरीच्या झुपक्यांची कर्णभूषणं, पांढऱ्यांच्या डोक्यावर तांबडा रंग. पाय दुमडून बांधलेले. गळ्यावर किंवा छातीवर सुरीची खूण नाही, म्हणून जिवंत पुरले असावेत असा तर्क आहे. सोबत उष्ण जंगलातल्या पक्ष्यांची पिसं. गिनिपिगही, त्यांनाही झुपके आणि गोंडे.

दोऱ्या वळणाऱ्याने घाई केलेली नाही. पुरल्यावर कोणी पाहणार नव्हतं तरी रंग जुळवलेले आहेत.

वाल्देझ यांचं म्हणणं, इथे मोठ्या मेजवानीच्या वेळी हे विधी झाले आणि खोरं लढाईशिवाय राज्यात आलं असावं. पटतं, पण अर्धंच. मेजवानी देणारा ती फुकट देत नाही, हे खाणींवर आपण पाहिलंच. जमिनीखाली असा बळी पुरला की वरची जमीन कोणाची याबद्दल नव्याने बोलणं झालेलं असतं. पाटीवर त्यांचं मत त्यांच्या नावाने आणि माझं वेगळ्या रंगात.

१० सप्टेंबर

काळाचा रकाना अडला. या लामांचा कार्बन-१४ काळ इ. स. १४३२ ते १४५९ येतो. जुन्या हिशेबात, जॉन रो यांनी १९४५ साली वृत्तांतांवरून बसवलेल्या कालक्रमात, पाचाकुती हा इंका राजा १४३८ ला गादीवर येतो आणि दक्षिण किनारा त्याच्या मुलाच्या, तोपा इंकाच्या, मोहिमांत, १४७० च्या दशकात जातो. दोन्ही एकत्र बसत नाहीत. अर्जेंटिना आणि चिलीतल्या तारखाही विस्तार जुन्या हिशेबापेक्षा आधी ढकलतात. बहुतेक अभ्यासक आता कार्बनच्या बाजूने आहेत, मीही. नकाशावर एकेरी साल कुठेच द्यायचं नाही, पट्टा द्यायचा.

१७ सप्टेंबर

इंकावासी, कान्येते खोरं. सोळाव्या शतकातला स्पॅनिश वृत्तांतकार सिएझा दे लेओन लिहितो की इथल्या ग्वार्को लोकांनी इंकांना काही वर्षं दाद दिली नाही, तेव्हा इंकांनी खोऱ्यात नवं कुस्को वसवून तिथून लढाई चालवली. किनाऱ्यावरच्या उघड विरोधाची हीच काय ती ठळक कथा. पण उत्खननात अलेहांद्रो चू यांना कोठारांमधून मिळाले ते किपू, म्हणजे गाठी मारलेल्या दोऱ्यांचे हिशेब, तेही शेंगदाणे, मिरच्या आणि शेंगांच्या दाण्यांसोबत. कोठाराच्या जमिनीवर चौकटी आखलेल्या, मोजून पसरण्यासाठी. चू आणि गॅरी अर्टन यांनी दाखवलं की काही किपूंमध्ये प्रत्येक आकड्यातून ठरावीक एकच रक्कम वजा केलेली आहे. कर, अनामत की आणखी काही, ते गाठी सांगत नाहीत.

किपू आणि ज्याची नोंद तो माल एकाच जागी, असं सहसा मिळत नाही. बहुतेक किपू लुटलेल्या थडग्यांतून आलेत, संदर्भ तुटलेले. या पाटीला सगळ्यात जास्त जागा.

२१ सप्टेंबर

अर्जेंटिना-चिलीच्या सीमेवरच्या यूयायाको ज्वालामुखीवरून बैठकीत वाद. १९९९ मध्ये योहान राइनहार्ट आणि कोन्स्तांझा चेरूती यांच्या तुकडीला ६७३९ मीटरवर, शिखराशी, इंकांनी बळी दिलेली तीन मुलं मिळाली, गोठून जशीच्या तशी. सगळ्यांना भिंतीवर तेच हवं होतं. पुरावा म्हणून तो जबरदस्त आहेच. थोरल्या मुलीच्या केसांवरून कळलं की मरणाच्या वर्षभर आधी तिचं जेवण एकदम बदललं, मका आणि मांस आलं, कोकाच्या पानांचं प्रमाण वाढलं, शेवटच्या आठवड्यांत दारूचंही. राज्य एका माणसाच्या केसांत लांबीने मोजता येतं.

पण ही मुलं अटाकामातल्या गावांची होती असं ठरलेलं नाही. शिखर वाळवंटावरून दिसतं, एवढ्याने ती वाळवंटी गावांची गोष्ट होत नाही. नकाशावर टिंब आणि दोन ओळी. चेहऱ्याचा फोटो नाही. ती मुलं काचेमागे ठेवण्याला तिथल्या मूळ समाजांतून विरोध झालेला आहे, आणि इथे पुण्यात आपण तो चेहरा छापण्याची गरज मला दिसत नाही. मतदान झालं, निसटतं जिंकलो.

२९ सप्टेंबर

सहावी पाटी इकाची. पुन्हा मेंझेल.

इका खोऱ्यातल्या थडग्यांमधली भांडी त्यांनी क्रमाने लावली. इंकापूर्व इकाची नक्षी बारीक, विणकामातून उचललेली, घट्ट भौमितिक. इंका काळात ती बदलते: मोठ्या सरदारांच्या थडग्यांत कुस्को घाटाची भांडी आणि मिश्र घाटाची भांडी येतात, साध्या माणसांच्या थडग्यांत बदल कमी. इथपर्यंत अपेक्षित. पण १५३० च्या दशकात इंकांचं राज्य कोसळल्यावर इकाचे कुंभार इंका घाट टाकून देतात आणि इंका येण्याआधीचे आकार आणि नक्षी पुन्हा काढू लागतात. जसेच्या तसे नाही, जुनी भांडी समोर ठेवून उचललेले वाटावेत असे. मधे दोन-तीन पिढ्या गेलेल्या. ज्यांच्या हाताला ती नक्षी होती ते बहुतेक मेलेले.

आतापर्यंतच्या सगळ्या पाट्यांवर राज्याने काय केलं ते आहे. या भांड्यांवर लोकांनी त्या राज्याबद्दल काय ठरवलं ते आहे, आणि तेही नवे मालक येऊन बसलेले असताना. चौथ्या रकान्यात काय लिहायचं विचारलं तर मैत्रीण म्हणाली, "अरे, नाहीच कोणाचा हुकूम." असं म्हणून तिने तिथे आडवी रेघ मारली. तीच ठेवली.

तुरीलाही इंकांनंतर काय झालं ते शोधायला हवं होतं, म्हणजे जोडी जमली असती. पण चौकावर पुन्हा चुल्पा उभ्या राहिल्याची नोंद मला कुठे सापडली नाही, तेव्हा ओढूनताणून जोडी लावायची नाही.

४ ऑक्टोबर

छपाईआधीची शेवटची फेरी. मांडणी उत्तरेकडून दक्षिणेकडे: इंकावासी, चिंचा, इका, आकारी, मग मोठी उडी, तुरी, कातार्पे, खाणी. सेर्रो एस्मेराल्दा ऐनवेळी घातलं. इकिकेजवळच्या या डोंगरावर १९७६ मध्ये एक मुलगी आणि एक तरुणी पुरलेल्या मिळाल्या, कपड्यांवर विषारी हिंगूळ, जवळच वान्ताहायाची चांदीची खाण. खाणींच्या पाटीवर एक ओळ.

लोआचा रंग उपग्रहचित्रावर उठत नाही, गडद करायला सांगितलं. कार्बनच्या काळपट्ट्याखाली "अंदाजे" शब्द आहे तो ठळक करायचा. ताम्बो कोलोरादोचा फोटो छापखान्याने आपणहून मोठा केला आहे, तो पुन्हा लहान करून मागवला. मुद्रित प्रत गुरुवारी बघायची.